जीमेल अडकतं, फोन ‘जागा नाही’ म्हणतो : अँड्रॉइडवर काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

‘जीमेल हँग होतंय’ या एका तक्रारीखाली चार-पाच वेगवेगळे बिघाड येतात. त्यामुळे आधी आपल्या फोनवर नेमकं काय दिसतंय ते बघा. उपाय त्यावर ठरतो.

लक्षणं

- मेलची यादी दिसते, पण एखाद्या मेलवर बोट ठेवलं की पांढरी स्क्रीन. थोड्या वेळाने ‘जीमेल प्रतिसाद देत नाही’ अशी चौकट येते आणि ‘थांबा’ किंवा ‘अॅप बंद करा’ असं विचारते. (अॅपने ५ सेकंद बोटाच्या स्पर्शाला उत्तर दिलं नाही की अँड्रॉइड ही चौकट दाखवतो.)
- अॅप उघडतं आणि काहीही न सांगता लगेच बंद होतं.
- वरचं चक्र फिरत राहतं. यादीत सगळ्यात वरचा मेल कालचा किंवा परवाचा.
- पाठवलेला मेल आउटबॉक्समध्ये तसाच पडून आहे.
- ‘स्टोरेज संपत आलं आहे, काही सुविधा चालणार नाहीत’ अशी सूचना वारंवार येते.
- समोरचा माणूस फोन करून सांगतो, ‘तुमच्याकडे पाठवलेला मेल परत आला’.
- जीमेलच नाही, कॅमेरा, कीबोर्ड, गॅलरी सगळंच अडखळतं.

शेवटचं लक्षण असेल तर जीमेलच्या मागे लागू नका. तिथे दोष फोनच्या जागेचा किंवा रॅमचा असतो. शेवटून दुसरं असेल तर फोनचा संबंधच नाही, गुगल खातं भरलंय.

कुठली मेमरी भरली आहे?

दुकानात आणि घरात सगळ्यालाच ‘मेमरी फुल्ल’ म्हणतात, आणि मग गॅलरीतले फोटो उडवून रॅम मोकळी होईल अशी आशा धरली जाते. जागा तीन आहेत. रॅम, म्हणजे चालू अॅप्ससाठीची तात्पुरती जागा, ३, ४ किंवा ६ जीबी. फोन बंद केला की ती रिकामी होते. फोनचं स्टोरेज, ३२, ६४ किंवा १२८ जीबी, जिथे फोटो, अॅप्स आणि त्यांचा डेटा राहतो. तिसरी जागा फोनमध्ये नाहीच: गुगल खात्याचे फुकटचे १५ जीबी, ज्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघे वाटेकरी. एकीतलं काही पुसून दुसरी मोकळी होत नाही.

जीमेल अडकण्यामागे बहुतेक वेळा दोषी असतं ते मधलं, फोनचं स्टोरेज. रॅमवर खापर फुटतं, कारण जाहिराती तिच्याच होतात.

१. पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या

त्याच फोनवर क्रोम उघडा आणि तिथून जीमेलच्या वेबसाइटवर जा. लिंक आपोआप अॅपमध्ये उघडत असेल तर क्रोमच्या इन्कॉग्निटो टॅबमध्ये उघडा. ही तपासणी फुकट आहे आणि निम्मा गोंधळ इथेच संपतो. ब्राउझरमध्ये नवे मेल दिसतात पण अॅपमध्ये नाहीत, तर खातं ठीक आहे, अॅप किंवा फोन बिघडलाय. ब्राउझरमध्येही नाहीत, तर नेट किंवा खातं बघायचं. अॅप पुसून काही हाती लागणार नाही.

वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, मग उलट करून बघा. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ ‘आपोआप’ वर आहे का ते पाहा. बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेल्या जुन्या फोनची तारीख कधी कधी मागे जाते आणि मग सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र फोनला खोटं वाटतं. सिंक, म्हणजे सर्व्हरवरच्या आणि फोनवरच्या मेलांचा मेळ, होत नाही, आणि कारण मात्र कुठेच लिहून येत नाही. डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हरही एकदा बंद करून बघा.

मग फोन रीस्टार्ट करा. नुसती स्क्रीन बंद-चालू नव्हे. स्क्रीन पूर्ण गोठली असेल तर बहुतेक फोनांत पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की फोन जबरदस्तीने पुन्हा सुरू होतो. डेटा जात नाही.

मेमरी कार्ड असेल तर त्याकडेही लक्ष द्या. मेल लिहिताना फाइल जोडायची क्लिप दाबली की अॅप गोठतं, एरवी नीट चालतं, असं असेल तर कार्ड खराब असण्याची शक्यता मोठी. फोन बंद करा, कार्ड काढा, पुन्हा चालू करून क्लिप दाबून बघा. मात्र कार्ड ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर ते असं काढू नका. त्यावर अॅप्स बसलेली असतात.

२. फोनचं स्टोरेज

सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा. मोकळी जागा एकूण जागेच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर पुढच्या कुठल्याही उपायाआधी ती मोकळी करायची. कारण असं की जीमेल प्रत्येक मेल फोनवरच्या एका डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं आणि लिहायला जागा लागते. स्टोरेज काठोकाठ भरलं की त्याची चिप प्रत्येक वेळी जुनं आवरून जागा करते, मग लिहिते. स्वस्त फोनांतल्या ईएमएमसी नावाच्या हळू चिपवर हा वेळ डोळ्यांना दिसण्याइतका लांबतो. तीच ती पांढरी स्क्रीन.

दुसरं कारण त्याहून थेट आहे. मोकळी जागा साधारण ५०० एमबीच्या खाली गेली की अँड्रॉइड स्वतःहूनच खात्यांचं सिंक थांबवतो. अशा फोनवर जीमेल दहा वेळा काढून टाका आणि दहा वेळा पुन्हा घाला, नवा मेल दिसणार नाही. प्ले स्टोअरही तिथे ‘पेंडिंग’ वर अडकून बसतं.

जागा मोकळी करायला सुरुवात व्हॉट्सअॅपपासून. आपल्याकडच्या फोनांत जीमेलचा गळा आवळणारं अॅप बहुतेक वेळा हेच असतं. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा, भावकीचा, जुन्या बॅचचा. तोच लग्नाचा व्हिडिओ चार ग्रुपांत चार वेळा, आणि रोजच्या शुभ सकाळच्या फुलांची तर गणतीच नाही. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’, तिथे ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’. ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं’ आणि ‘५ एमबीपेक्षा मोठं’ अशा दोन याद्या मिळतात. पहिली यादी डोळे झाकून पुसली तरी बहुतेकांचं काही बिघडत नाही. दुसरी मात्र बघून पुसा, घरातले व्हिडिओ तिथेच असतात. त्यानंतर मागे येऊन ‘स्टोरेज आणि डेटा’च्या पानावर मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा, नाहीतर महिनाभरात पुन्हा तीच गत.

व्हॉट्सअॅपचा एक कोपरा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सअॅपचं फोल्डर, त्यात डेटाबेसेस. इथे गेल्या सात दिवसांपर्यंतचे गप्पांचे स्थानिक बॅकअप पडून असतात. गप्पा भरपूर असतील तर एकेक फाइल शेकडो एमबीची. ज्या फाइलच्या नावात तारीख नाही ती सगळ्यात ताजी. तिला हात लावायचा नाही. तारखेच्या जुन्या फाइली काढल्या तर चालतं.

आता कचरापेटी. पुसलेले फोटो लगेच जात नाहीत. गॅलरीची कचरापेटी साधारण ३० दिवस धरून ठेवते. गुगल फोटोज बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ठेवतं. हजार फोटो पुसूनही आकडा हलला नाही, तर जागा पेटीत अडकलीय. पेटी रिकामी करा, मग आकडा बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप पूर्ण झाला असेल तर ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय फोनवरच्या प्रती काढतो, क्लाउडवरच्या राहतात. मात्र त्यानंतर फोटोज अॅपमध्ये जाऊन तोच फोटो पुसला तर तो क्लाउडवरूनही जातो, आणि फोनवर तर प्रत उरलेली नसते. इथे पुष्कळ जणांचा घात होतो.

६४ जीबीच्या फोनवर ७-८ जीबी मोकळे झाले की थांबा. फोन रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा. स्टोरेजची आतली आवराआवर फोन रिकामा आणि चार्जिंगवर असताना होते, त्यामुळे फरक अनेकदा दुसऱ्या दिवशी जाणवतो.

३. आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल

जागा भरपूर आहे आणि तरी सिंक अडतंय, तर आउटबॉक्स उघडा. एकच जड मेल पुन्हा पुन्हा पाठवायचा प्रयत्न चालू असतो. जीमेलमध्ये जोडलेल्या फाइलींची मर्यादा २५ एमबी आहे, आणि पाठवताना फाइल मजकुरात बदलून जाते त्यामुळे ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते. समोरच्याची मेल-सेवा लहान मर्यादेची असेल तर मेल तिकडून परत येतो.

विमान मोड चालू करा, अडकलेला मेल उघडा, मजकूर कॉपी करून नोट्समध्ये ठेवा आणि मेल पुसा. विमान मोड बंद करून बघा सिंक सुरू होतं का. मोठ्या फाइली ड्राइव्हवर टाकून नुसती लिंक पाठवा.

४. फोर्स स्टॉप, कॅशे, अपडेट

जीमेलच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘अॅपची माहिती’ उघडा. आधी फोर्स स्टॉप, मग स्टोरेजमध्ये जाऊन फक्त कॅशे साफ करा. शेजारीच डेटा साफ करायचं बटण असतं. ते आत्ता नको. कॅशे म्हणजे मेलमधली चित्रं आणि उघडलेल्या फाइलींच्या तात्पुरत्या प्रती. त्यातली एखादी अर्धवट उतरलेली असेल तर ठरावीक मेल उघडला की अॅप कोसळतं.

अपडेट बघताना जीमेलबरोबर ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ आणि क्रोम ही दोन्हीही बघा. मेल उघडल्यावर दिसणारा मजकूर वेबव्ह्यू रंगवतो, जीमेल नाही. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूचं एक सदोष अपडेट आलं आणि जगभरातल्या अँड्रॉइड फोनांवर जीमेलसह बरीच अॅप्स उघडताक्षणी बंद पडायला लागली. लोकांनी जीमेल काढून पुन्हा घातलं, काही उपयोग झाला नाही. वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट केल्यावर सुटलं. म्हणून ‘उघडतं आणि लगेच बंद होतं’ हे लक्षण असेल, विशेषतः इतरही दोन-तीन अॅप्स तसंच करत असतील, तर आधी संशय वेबव्ह्यूवर. अपडेट उपलब्ध नसेल तर अॅपच्या माहितीत जाऊन वेबव्ह्यूची अपडेट्स काढून टाका आणि पुन्हा घ्या.

५. जीमेलवरचा भार कमी करणं

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये आपल्या खात्यावर टिचकी मारा. ‘किती दिवसांचे मेल सिंक करायचे’ हा आकडा मुळात ३० असतो. कुणीतरी तो वाढवून ठेवलेला असतो, का ते कुणालाच आठवत नसतं. ३ किंवा ४ जीबी रॅमच्या फोनवर तो १५ करा. जुने मेल जात नाहीत. शोधले की सर्व्हरवरून येतात. वाय-फायवर फाइली आपोआप उतरवण्याचा पर्याय बंद करा. एका फोनवर चार-चार खाती असतील तर न लागणाऱ्यांचं जीमेल सिंक तिथूनच बंद करा, खातं काढायची गरज नाही.

६. रॅम

रॅम ८० टक्के वापरात दिसणं हा बिघाड नाही. अँड्रॉइड मोकळी रॅम मुद्दाम वापरतो आणि गरज पडली की मागची अॅप्स स्वतः बंद करतो. सारखी ‘क्लिअर ऑल’ची खूण दाबणाऱ्यांचा फोन उलट हळू चालतो, कारण प्रत्येक अॅप पुन्हा शून्यापासून उघडावं लागतं. बूस्टर आणि क्लीनर नावाची अॅप्स काढून टाका. ती स्वतःच मागे चालत राहतात आणि जाहिराती दाखवतात.

खरा तुटवडा ओळखायचा असा: मेल लिहिताना ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात, परत आलात, तर जीमेल पहिल्यापासून उघडलं. असं रोज होत असेल तर रॅम अपुरी आहे.

काही फोनांत रॅम ‘वाढवून’ मिळते. सॅमसंगमध्ये तिला रॅम प्लस म्हणतात. ती जागा स्टोरेजमधून घेतलेली असते, २ ते ८ जीबी, आणि स्टोरेज रॅमच्या मानाने फारच हळू. स्टोरेज आधीच भरलेलं असेल तर ही सोय बंद करून रीस्टार्ट करा. जागाही परत मिळते.

शंका दुसऱ्या अॅपवर असेल तर सेफ मोड. पॉवर मेनूमधल्या ‘बंद करा’वर बोट दाबून धरा, सेफ मोडबद्दल विचारेल. त्यात आपण घातलेली अॅप्स बंद राहतात, फोनबरोबर आलेलं जीमेल चालतं. तिथे जीमेल झरझर चालत असेल तर दोषी बाहेरचं अॅप आहे: नव्याने घातलेला लाँचर (होम स्क्रीन बदलणारं अॅप), कीबोर्ड, क्लीनर यांपासून एकेक काढत जा.

२ जीबी रॅमच्या जुन्या फोनवर या खटाटोपापेक्षा सरळ क्रोममध्ये जीमेल उघडून त्याचं चिन्ह होम स्क्रीनवर ठेवलेलं बरं.

७. गुगल खातं भरलंय का?

मेल परत जात असतील तर खात्याचं स्टोरेज पान बघा. १५ जीबी भरले की मेल येतही नाहीत, जातही नाहीत. जून २०२१ पासून फोटोजमध्ये चढणारे फोटो या हिशेबात धरले जातात. व्हॉट्सअॅपचा गुगलवरचा बॅकअप २०२४ पासून. ‘मी तर मेल फारसे वापरत नाही’ म्हणणाऱ्यांचं खातं याच दोघांनी भरलेलं असतं, म्हणून व्हॉट्सअॅप बॅकअपमधून व्हिडिओ वगळा.

जड मेल शोधायला जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजी लिपीत ‘लार्जर’, त्याला लागून कोलन, मग इंग्रजी अंकात १० आणि कॅपिटल ‘एम’ लिहा, मध्ये कुठेही जागा न सोडता. १० एमबीहून मोठे सगळे मेल समोर येतात. हे काम संगणकावर करा, घाऊक निवड तिथे सोपी जाते. पुसल्यावर ट्रॅश रिकामा करा. नाहीतर मेल ३० दिवस तिथे राहतात आणि तोवर हिशेबात मोजले जातात.

८. डेटा साफ करणं आणि त्यापुढचं

वरचं सगळं करूनही अडत असेल तरच जीमेलचा डेटा साफ करा. मेल सर्व्हरवर सुरक्षित असतात; पुन्हा सिंक व्हायला वेळ लागेल एवढंच. जातात ते आउटबॉक्समधले मेल, सर्व्हरवर न पोचलेले मसुदे, अॅपमधली मोबाइल सही आणि सूचनांच्या सेटिंग्ज. जीमेल अॅपमध्ये ऑफिसचं किंवा इतर कंपनीचं खातं जोडलेलं असेल तर ते पुन्हा जोडावं लागू शकतं, तेव्हा पासवर्ड हाताशी ठेवा. ते खातं पॉप पद्धतीचं (मेल सर्व्हरवरून फोनवर उतरवून घेणारं) असेल तर आधी ब्राउझरमधून त्याचे मेल सर्व्हरवर आहेत याची खात्री करा. मेल फक्त फोनवर असतील तर ते कायमचे जातील.

आयफोनवर कॅशे पुसायचं बटण नसतं. तिथे सेटिंग्जमधल्या ‘ऑफलोड’ या पर्यायाने अॅप जातं पण बिघडलेला डेटा राहतो. अॅप डिलीट करून पुन्हा घ्यायचं.

शेवटचा उपाय फॅक्टरी रीसेट. त्याआधी फोटो आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप, आणि गुगलचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावर टाकून तो खरोखर चालतो का ते बघणं. टू-स्टेप पडताळणी चालू असेल तर खात्यातून दहा बॅकअप कोड काढून कागदावर लिहा, कारण पडताळणीची सूचना याच फोनवर येणार असते आणि हा तर कोरा झालेला असेल. मग सेटिंग्जमधून गुगल खातं काढा आणि मगच रीसेट करा. सेटिंग्जऐवजी रिकव्हरीतून (फोन बंद असताना बटणं दाबून उघडणाऱ्या दुरुस्ती मेनूतून) थेट पुसलेला फोन नंतर जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. तो आठवला नाही तर फोन नुसता खोका. यूपीआय आणि बँकेची अॅप्स पुन्हा नोंदवायला सिम त्याच फोनमध्ये आणि चालू हवं.

इथे थांबा

पुसलेले फोटो रीस्टार्टनंतर परत दिसायला लागले, काढलेलं अॅप पुन्हा जागेवर आलं, तर स्टोरेजची चिप संपत आलीय. अशी चिप वाचू देते, लिहू देत नाही. रीसेट करायला जाऊ नका. फोन सुरू आहे तोवर सगळं दुसरीकडे उतरवून घ्या आणि सर्व्हिस सेंटर गाठा. चिप बोर्डावर झाळलेली असते, डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, असतो. चिप बदलून फोन सुरू झाला तरी जुना डेटा येत नाही. स्वस्त फोनात हा खर्च परवडत नाही.

मागचं झाकण उचललं गेलंय किंवा स्क्रीन कडेने वर आलीय, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, त्याच दिवशी दुकानात.

खातं कंपनीचं असेल आणि फोनवर ऑफिसचं प्रोफाइल असेल तर डेटा साफ करण्याआधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा. प्रोफाइल काढलं की त्यातलं सगळं जातं.

आणि इंटरनेटवर ‘जीमेल कस्टमर केअर’चा नंबर शोधू नका. फुकटच्या जीमेलला फोनवरून मदत करणारी सेवा नाही. जो नंबर सापडेल तो बहुधा भामट्याचा. त्याने स्क्रीन दाखवणारं अॅप घालायला सांगितलं की फोन ठेवून द्या. अॅप घातलं गेलं असेल तर नेट बंद करा, बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.

दुरुस्तीला देताना ‘हँग होतो’ एवढंच सांगू नका. मोकळं स्टोरेज किती, सेफ मोडमध्ये काय झालं, कार्ड काढून बघितलं का, रीसेट केलाय का, हे कागदावर लिहून द्या. सिम आणि कार्ड काढून घ्या. स्क्रीनचा पिन द्यावा लागलाच तर आधी बँकेची अॅप्स काढा आणि पिन बदलून तात्पुरता ठेवा.